मुक्काम एक, फेऱ्या थोड्या

दिवाळी जवळ आली की आमच्या शिरूरला एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत फ्लेक्स लागायला सुरुवात होते. माझं आजोळ दौंडचं, तिथेही स्टेशनबाहेर तेच. 'कोकण दर्शन. २ रात्री ३ दिवस. ११ ठिकाणे. चहा-नाष्टा-जेवणासह.' ह्यातला '११' हा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात. शेजारच्या फ्लेक्सवर १३ असेल तर तो जास्त चालतो. कुठला समुद्र, कुठलं गाव, तिथे किती वेळ थांबणार, ह्याबद्दल एक अक्षर नसतं.

मला ह्या आकड्याबद्दलच आज थोडं बोलायचंय. समुद्रावर सुट्टीला गेल्यावर आजूबाजूला काय बघावं, किती बघावं आणि मुख्य म्हणजे कशाच्या नादी लागू नये, हा विषय वरवर फालतू वाटतो. पण आमच्या भागातल्या कित्येक घरांत आई-वडील आयुष्यात एकदाच समुद्र बघतात. त्या एकदाचं आपण काय करतो, हा प्रश्न मला तरी फालतू वाटत नाही.

आधी हिशेब. सवयच आहे, काय करणार. गाडी शुक्रवारी रात्री दहाला शिरूरहून निघते, रविवारी मध्यरात्रीनंतर परत. म्हणजे उजेडाचे तास मिळतात शनिवार-रविवार मिळून २४. दापोली, गुहागर, गणपतीपुळे असा किनारा धरला तर मधल्या फेऱ्या, खाडीवरची जेट्टी, वळणं, हे सगळं धरून साधारण ३०० किलोमीटर. किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर ताशी ३० चा वेग मिळाला तरी खूप झालं. गेले १० तास. रविवारी दुपारी दोनला परतीला लागायचं, म्हणजे उजेडातले आणखी ५ तास गेले. आंघोळी, नाष्टा, दोन वेळची जेवणं, सतरा माणसांनी एका रांगेत उरकायची, त्याचे दोन दिवसांचे ४. उरले ५ तास. त्याला ११ नी भागा. एका ठिकाणाला २७ मिनिटं!

त्या २७ मिनिटांत गाडी लावणं, चपला काढणं, चपला शोधणं, आणि 'आत्या कुठंय?' हे सगळं आलं. समुद्र बघायला उरतात दहा-बारा मिनिटं. त्यातही अर्धी मंडळी पाठ समुद्राकडे करून उभी, कारण फोटो.

आणि ह्या हिशेबात ड्रायव्हर नाही. शुक्रवारची रात्र त्याने गाडी चालवली, शनिवारचा दिवस चालवली, रविवारी रात्री घाट चढून पुन्हा शिरूर. सोमवारी सकाळी त्याला बहुतेक दुसरं भाडं असतं. सर्व्हरला आपण रविवारी पहाटे दोन ते चार डाउनटाइम देतो, त्याची आठवडाभर आधी मेल पाठवतो. सतरा जीव ज्याच्या डोळ्यांवर आहेत त्या माणसाला झोपेसाठी वेळ काढावा हे मात्र कुठल्याच फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, हा पुण्यात आयटीत बसून शहाणपणा शिकवतोय. तसं नाही. उलट ह्या घाईमागे कारणं आहेत, आणि ती खरी आहेत. सगळ्यात खरं कारण म्हणजे म्हशी. हसू नका. शिरूर-दौंडकडे ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत तो माणूस दोन रात्रींच्या वर घराबाहेर राहूच शकत नाही. शेजाऱ्याला धारा काढायला किती दिवस सांगणार? दुसरं कारण कांदा आणि ऊस. रोपं टाकायची, लागणीला माणसं मिळाली तर आजच मिळणार, तोड आली तर आजच येणार. रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला असणाऱ्या पोरांचं तेच, सुट्टी जोडून मिळत नाही. त्यामुळे जे काही बघायचं ते ह्या दोन दिवसांत, आणि 'परत कधी येणार?' हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरताना.

ह्याच्या जोडीला एक जुनी सवय आहे. आपण फिरायला शिकलो ते यात्रेतून. आमच्याकडे तर अष्टविनायकच. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात, सिद्धटेकला जायचा रस्ता दौंडवरून. आठही ठिकाणं झाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, आणि ते बरोबरच आहे. यात्रेचा नियमच तो. दर्शन क्षणभराचं असलं तरी पुरतं, कारण माणूस तिथे काहीतरी मनात घेऊन आलेला असतो. पण हाच नियम आपण उचलून समुद्राला, किल्ल्याला, लेण्यांना लावला. 'मुरुडचं झालं, आता आंजर्ले करू.' समुद्राचं दर्शन घेऊन पुढे जाता येत नाही हो. दहा मिनिटांत त्यात बघण्यासारखं काहीही घडत नाही.

आणि गंमत म्हणजे मुक्कामाची पद्धतही आपल्याकडे आहेच की. तुकोबांची पालखी दरवर्षी दौंड तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम, वरवंडला मुक्काम. यवतची पिठलं-भाकरी वारकऱ्यांत प्रसिद्ध आहे. सबंध वारीचं वेळापत्रक मुक्कामाभोवती लावलेलं असतं. चालणं किती, विसावा कुठे, रात्र कुठे, हे आधी ठरतं. म्हणजे निवांत जाणं ही काही परदेशातून आणलेली चैन नाही.

परदेशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. काही वर्षांपूर्वी मी सहा महिने ऑनसाइट होतो, फ्रान्सच्या दक्षिणेला, नीस आणि कान यांच्या मधल्या सोफिया अँटिपोलिस नावाच्या आयटी पार्कात. भूमध्य समुद्र बसने अर्ध्या तासावर. तिथले सहकारी सुट्टी घेतात ती पद्धत बघून मी आधी वेड्यात काढलं होतं त्यांना. दोन आठवडे, एकच गाव, एकच भाड्याचं घर. बऱ्याच जणांचं तर दरवर्षी तेच गाव! सकाळी बाजारात जाऊन मासळी-भाजी आणायची, दुपारी झोप, संध्याकाळी पाण्यात. आठवड्यातून दोनदा वगैरे एखादी फेरी. नीसहून किनाऱ्याने जाणारी लोकल ट्रेन आहे, ती व्हिलफ्रांश, मोनॅको, माँतोंवरून थेट इटलीच्या हद्दीतल्या व्हेंतिमिल्यापर्यंत जाते. सकाळी गेलं की संध्याकाळी आपल्या घरी. ऑंतीबला जुन्या किल्ल्यासारख्या वाड्यात पिकासोचं म्युझियम आहे, तिथे तो १९४६ मध्ये काम करत होता. एक दिवस तेवढंच. त्याच किनाऱ्यावर आपल्याकडच्या टूरच्या बस यायच्या, 'दहा दिवसांत सात देश' वाल्या. नीसच्या समुद्रासमोर वीस मिनिटं थांबून पुढे. त्यातल्या काकूंशी मराठीत बोललो की त्यांना इतका आनंद व्हायचा, पण आज कुठल्या देशात आहोत हे त्यांना आठवून सांगावं लागायचं.

त्यांना ही चैन परवडते कारण त्यांना रजा मिळते, हेही सांगायला हवं. फ्रान्समध्ये १९३६ साली कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा आली, १९८२ पासून ती पाच आठवडे आहे. कामगार पहिल्यांदा समुद्रावर गेले ते त्या १९३६ च्या उन्हाळ्यात. आपल्याकडे शेतकऱ्याला रजा देणारं कोणी नाही. तेव्हा त्यांचे दोन आठवडे आपल्याला जमणार नाहीत. पण त्यांचं सूत्र घेता येतं. अंथरूण एकाच ठिकाणी टाकायचं आणि तिथून फेऱ्या मारायच्या. सूत्र दिवसांच्या संख्येचं नाहीच, अंथरुणांच्या संख्येचं आहे. दोनच रात्री मिळाल्या तर दोन्ही एकाच गावात.

शिवाय आपल्या समुद्राला हे सूत्र त्यांच्यापेक्षा जास्त लागू पडतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. बहुतेक ठिकाणी एखादी वीत-दीड वीत पाणी वर-खाली. सकाळी दहाला जा नाहीतर दुपारी चारला, किनारा तोच. कोकणात तसं नाही. उधाणाच्या भरतीला आणि ओहोटीला पाण्याच्या पातळीत तीन-चार मीटरचा फरक पडतो. सपाट पुळणीवर त्याचा अर्थ असा की सकाळी जिथे क्रिकेट चाललंय तिथे दुपारी पाणी. होडी कधी सुटणार, मासळी काठावर कशी येणार, खडकांवर जाता येणार की नाही, पोहावं की नाही, हे सगळं पाण्यावर ठरतं. फ्लेक्सवरच्या '८.३० ते ९.०० हर्णे' ह्याला समुद्र बांधील नाही.

किनाऱ्यावरच्या लोकांचा ह्यासाठी एक सोपा हिशेब आहे, तो आपल्या घाटावरच्या माणसाने पाठच करावा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्याच्या पुढे-मागे सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. भिंतीवरच्या कालनिर्णयवर संपूर्ण ट्रिपचं वेळापत्रक लागतं! कुठलं ॲप नको. तरी पोहायच्या आधी गावातल्या माणसाला विचारायचं ते विचारायचंच. आमची पोरं घोड नदीत, भीमेत, कॅनॉलमध्ये पोहायला शिकलेली असतात, आणि त्या भरवशावर समुद्रात शिरतात. नदी एका दिशेला ओढते, ते आपल्याला कळतं. ओहोटीचं पाणी आत ओढतं, ते कळेपर्यंत उशीर होतो. घाईत आलेला माणूस विचारत नाही, कारण त्याला २७ मिनिटांत भिजायचंही असतं.

आता उदाहरणादाखल एक मुक्काम घेऊ. दापोली तालुक्यातलं मुरुड किंवा कर्दे. शिरूरहून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे गेलं तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. बाजारहाट, दवाखाना सगळं दापोलीत. शिरूरकराला दापोली तशी ओळखीची वाटायला हवी. दोन्ही गावं इंग्रजांच्या छावणीची. घोडनदीला त्यांचं घोडदळ असायचं, आणि दापोलीला लोक अजून 'कॅम्प' म्हणतात.

इथून फेऱ्या काय? पहिल्या दिवशी काहीच नाही. पोचा, जेवा, झोपा. संध्याकाळी किनाऱ्यावर नुसते बसा. म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा समुद्र बघताना बोलायला वेळ लागतो, तो द्या.

दुसऱ्या दिवशी हर्णे. सुवर्णदुर्ग भर पाण्यात आहे. समुद्र शांत असेल तरच होडी जाते. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत हा एक. आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने ते घेतलं, आणि तेसुद्धा पेशव्यांशी हातमिळवणी करून. किनाऱ्यावरून कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला ह्यांच्या मधोमध तो बघत उभं राहिलं की मराठ्यांनी मराठ्यांचं आरमार बुडवायला मदत केली म्हणजे काय, हे शाळेच्या पुस्तकापेक्षा जास्त कळतं. मग दुपारी घरी येऊन झोपा, आणि संध्याकाळी पुन्हा हर्णे, मासळीच्या लिलावाला. आमच्याकडचा माणूस तिथे हमखास रमतो, कारण तो कांद्याचा लिलाव बघत मोठा झालाय. बोली कशी चढते, व्यापारी एकमेकांकडे बघत कसे गप्प राहतात, माल ज्याचा तो कडेला कसा उभा असतो. सगळं ओळखीचं. फरक एवढाच की ह्यांना माल चाळीत साठवता येत नाही. भाव पडला तरी आजच विकायचा. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, तेव्हा हे बघायला मिळणार नाही.

तिसरा दिवस आसूदचा केशवराज. गाडी रस्त्यावर सोडून सुपारीच्या बागांतून खाली उतरायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि पायऱ्या चढायच्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी ओढ्यापाशीच थांबावं; तिथली सावलीसुद्धा बघण्यासारखी आहे. वर गोमुखातून सतत पाणी वाहतं. टँकरच्या गावातून गेलेला माणूस त्या पाण्याकडे जसा बघतो तसं दुसरं कोणी बघत नसेल. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'मधली गारंबी इथूनच जवळ. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांना काही सांगायला नको. ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आहे, तिथे गाडी वरपर्यंत जाते.

चौथा दिवस असेल तर पन्हाळेकाजी. कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी. सुरुवातीला बौद्ध, पुढे नाथपंथीयांची. एकाच डोंगरात एकामागून एक पंथ राहून गेले, आधीच्याची भिंत वापरत. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल, आपणही दुसऱ्याच्या कोडवरच घर बांधतो. गर्दी जवळजवळ नसते. किंवा मग दाभोळ, जेट्टीने धोपाव्याला पलीकडे जाऊन परत. आदिलशाहीतलं एवढं मोठं बंदर, आणि पलीकडे अंजनवेलला एन्रॉनने सुरू केलेला वीज प्रकल्प, जो ९० च्या दशकात रोज पेपरात असायचा. दोन्ही एकाच खाडीवर. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावाच्या मदतीने २००२ मध्ये हे काम सुरू केलं. पण पिल्लं बाहेर येतात ती त्यांच्या वेळेला. २७ मिनिटवाल्याला तिथे बहुतेक रिकामी टोपली दिसते.

बस्स. दिवसाला एकच फेरी, आणि अर्धा दिवस मोकळा. ह्या मोकळ्या अर्ध्या दिवसावर लोक सगळ्यात जास्त चिडतात. 'एवढ्या लांब येऊन झोपायचं का?' पण खऱ्या गोष्टी त्या वेळातच कळतात. घरमालकाच्या ओटीवर बसल्यावर ते सांगतात, की महर्षी कर्वे ह्याच मुरुडचे. परीक्षेसाठी ते इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि तिथे वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. घाटरस्त्याने गाडीत ज्यांना उलट्या झाल्या त्यांना हे ऐकून जरा बरं वाटतं :-)

आणि वादळाचं सांगतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. नारळ लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षं. म्हणजे त्या वादळानंतर लावलेली झाडं आत्ता कुठे हाताशी येतायत. मधली वर्षं अनेक घरं चालली ती येणाऱ्या पाहुण्यांवर. इथे माझा दुसरा मुद्दा येतो. अकरा ठिकाणंवाली गाडी गावात येते, कचरा टाकते, आणि पैसे मात्र डिझेलला, टोलला आणि हायवेवरच्या हॉटेलला देऊन जाते. गावाला त्यातलं फार तर शहाळ्याचे पैसे मिळतात. तीन रात्री राहणारं एक कुटुंब खोलीचे, जेवणाचे, होडीचे, कोकमाचे पैसे त्याच गावात ठेवून जातं. गारपिटीने एका रात्रीत द्राक्षबाग गेलेली आपण पाहिली आहे. बाग गेलेल्या माणसाचं दुःख आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आता आक्षेप.

खर्च जास्त येतो. मान्य. खोलीचं भाडं वाढतं, डिझेल कमी लागलं तरी ते पूर्ण भरून निघत नाही. ज्यांना दोनच रात्री परवडतात त्यांनी दोनच कराव्यात, आणि शनिवार-रविवार सोडून आठवड्याच्या मधल्या दिवसांत जावं, शेतकऱ्याला तेवढी तरी मुभा असते. जेवण घरगुती घ्यावं. ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यावी, कारण कोकणातलं जेवण आपल्या लोकांना 'आजाऱ्याचं' वाटतं!

मुलं कंटाळतात. मुलं गाडीत कंटाळतात, वाळूत नाही. बघा आठवून.

'पुन्हा कधी येणार?' हा सगळ्यात अवघड आक्षेप आहे, आणि त्याची टिंगल करावीशी मला वाटत नाही. पासष्टीच्या बाईला हे विचारताना तिला उत्तर माहीत असतं. पुन्हा नाही. म्हणून तिचा मुलगा तिला सगळं दाखवू बघतो, त्यात प्रेमच आहे. पण ती परत आल्यावर काय सांगते ते ऐका. माझी आई काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतल्या बायकांबरोबर अशाच एका ट्रिपला गेली होती. एकूण नऊ ठिकाणं. परतल्यावर तिने सांगितलं ते असं: गाडीत सीट मागची मिळाली, एका ठिकाणी चहा चांगला होता, आणि बाथरूमला जायला लागू नये म्हणून दोन दिवस पाणी कमी प्यायलो सगळ्याजणी. समुद्राबद्दल विचारलं तर म्हणाली, "होता की." एकदाच जायचं असेल तर ह्या दोन शब्दांवर समाधान मानायचं का? एकदाच जायचं असेल तर उलट एकच समुद्र दाखवा, पण सकाळचा, दुपारचा आणि रात्रीचा. खोली तळमजल्याची घ्या, कमोडचं विचारून घ्या, आणि मग तिला नऊ ठिकाणांची यादी सांगा. ती स्वतःच म्हणेल, तुम्ही या जाऊन, मी इथेच बसते. त्या 'इथेच बसते'साठी मुक्काम लागतो.

शेवटचा मुद्दा, आपल्याच गावाबद्दल. कोकणातले घरमालक हटकून विचारतात, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय?" आणि आपण म्हणतो, "आमच्याकडे काय, ऊस आणि कारखाने." मला हे उत्तर खटकतं. समजा कोणी शिरूर किंवा दौंडला चार दिवस मुक्काम टाकला तर? शिरूरहून घोडेच्या काठाने इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ इथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं; घरं, धान्य, पाण्याचा पाट, आणि घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान मुलं. एक दिवस निघोजचे कुकडीतले रांजणखळगे. एक दिवस पाबळ, मस्तानीची कबर आणि डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम. दौंडहून भीमाकाठचा पेडगावचा किल्ला, बहादूरगड, जिथे १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून आणलं. आत यादवकालीन देवळं आहेत. यवतच्या डोंगरावर भुलेश्वर, तिथे गणपतीचं स्त्रीरूप कोरलेलं आहे. आणि हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी. ह्यातलं एकही ठिकाण घरापासून दोन तासांच्या पलीकडे नाही. आमच्यापैकी किती जणांनी इनामगावला मुद्दाम जाऊन बघितलंय? बाजूने मात्र आपण रोज जातो. जो माणूस आपल्या गावाला 'बघण्यासारखं काही नाही' म्हणतो तो कोकणातही बोर्ड वाचूनच बघणार.

असो. लांबलं. ह्या दिवाळीत घरी ट्रिपचा विषय निघेलच. फ्लेक्सवरच्या माणसाला फोन करण्याआधी एवढं करा. कालनिर्णय काढा, तिथी बघा, एकच गाव निवडा आणि ड्रायव्हरला रात्री झोपायला खाट मिळेल का ते आधी विचारा. म्हशींसाठी शेजाऱ्याशी बोला; पुढच्या महिन्यात तो गेला की त्याच्या धारा तुम्ही काढा. अकरा ठिकाणांचं काय, ती कुठे पळून जात नाहीत.